रंगीत भिंती आणि दानपेटी

कोलकात्यातील आमच्या मराठी मंडळाच्या एका वयस्क बाईंनी गेल्या महिन्यात आपले घर एका संध्याकाळपुरते सर्वांस मोकळे केले होते. परगावाहून उपचारांसाठी येणाऱ्या कर्करोग्यांच्या निवासाकरिता मदत गोळा करावयाची होती. प्रथम गाणे, नंतर फराळ आणि दाराशी कुलूप लावलेली एक पेटी, असा साधा बेत होता. घर मात्र साधे नव्हते. बैठकीच्या भिंती गडद डाळिंबी, छतावर सोनेरी मोर, दारे मोरपिशी, आणि मध्यभागी असे झुंबर, की त्याखाली बसताना आपले परीटघडीचे कपडेही चुरगळलेले वाटावेत. केंद्र सरकारच्या कचेरीत कारकुनी करणाऱ्या माझ्यासारख्याने निघताना पाचशे रुपयांचा संकल्प केला होता. पेटीपाशी मात्र माझ्या हातून पाचशेच्या चार नोटा पडल्या. त्यांतील तीन आईच्या चष्म्यासाठी बाजूला ठेवलेल्या होत्या.

बाहेर पडल्यावर पत्नीने शांतपणे विचारले, “हे पैसे तुम्ही रोग्यांना दिलेत, की त्या झुंबराला?”

वैभवाच्या दडपणाखाली जे दिले जाते, त्यास दान म्हणावे काय? गीतेच्या सतराव्या अध्यायात, फळावर दृष्टी ठेवून किंवा मनाला क्लेश होत असता दिलेले दान राजस म्हटले आहे. माझे दान या व्याख्येत नेमके बसत होते. रोग्याच्या बाजूने पाहिले तर मात्र सात्त्विक पाचशेपेक्षा राजस दोन हजारांतच अधिक औषध येते! मग सजविलेल्या घराला दोष तरी कोणत्या तोंडाने द्यावा?

अशा वेळी चोरबागानातील मार्बल पॅलेस आठवल्यावाचून राहत नाही. राजेंद्र मल्लिक यांनी १८३५ साली उभारलेल्या या वास्तूत संगमरवरी फरशा, उत्तुंग खांब, युरोपीय पुतळे आणि चित्रे यांची नुसती दाटी आहे. हौसेला सुमार म्हणून नाही. परंतु याच राजेंद्रबाबूंनी १८६६ च्या दुष्काळात भुकेल्यांना अन्न दिले, आणि गोरगरिबांना जेवू घालण्याची प्रथा त्या घराण्याने पुढेही पिढ्यानपिढ्या जपली. उलट मोतीलाल नेहरूंनी १९३० साली अलाहाबादेतील आपले ऐश्वर्यसंपन्न घर राष्ट्रकार्यास देऊनच टाकले. तेच पुढे स्वराज भवन झाले. घर देऊन टाकणाऱ्याची थोरवी निराळीच. परंतु घर राखून त्याचे दार उघडणाराही, दार लावून घेणाऱ्यापेक्षा पुष्कळ पुढे गेलेला असतो.

आणि भुकेल्याला संगमरवराची लाज वाटत असेल, असे मला वाटत नाही. त्याचे लक्ष पानावर असते. लाज वाटते ती माझ्यासारख्या मध्यमवर्गीय पाहुण्याला, कारण तो देण्यासाठी येतो तसाच दिसण्यासाठीही येतो.

त्या रात्री विसरलेली छत्री आणण्यासाठी मी परत गेलो होतो. झुंबर मालवलेले होते. बाई एका लहान दिव्याखाली फराळाच्या खर्चाचा हिशेब लिहीत बसल्या होत्या. माझ्याकडे पाहून त्या म्हणाल्या, “जास्त तर नाही ना टाकलेत? इथं आल्यावर पुष्कळांचं तसं होतं. म्हणून तर पेटीला कुलूप. कोणी किती दिलं, ते मलाही कळत नाही. भिंती मी रंगवल्या त्या माणसं यावीत म्हणून. दबून जावीत म्हणून नव्हे.”

मी निरुत्तर झालो. त्यांनी जे कोणासही कळू नये अशी तजवीज केली होती, तेच दुसऱ्यांनी पाहावे म्हणून मी नोटा हळूहळू टाकल्या होत्या. दोष भिंतींचा नव्हता. वैभव राखणाऱ्याचे कर्तव्य एवढेच, की आपल्या छताखाली कोणाच्या ऐपतीची परीक्षा होऊ देऊ नये. ते बाईंनी पाळले होते. पाहुण्याचेही एक कर्तव्य असते. आपल्या ऐपतीएवढे द्यावे आणि ताठ मानेने फराळ करावा. ते मी चुकलो होतो.

आईचा चष्मा एक महिना लांबला. तिने कारण विचारले, तेव्हा मी खरे ते सांगितले; ती हसली. पुढील बैठक आमच्या दोन खोल्यांच्या सरकारी क्वार्टरमध्ये भरवावी, असे पत्नीने मंडळाला कळविले आहे. भिंतींना पोपडे आले आहेत म्हणून आजवर आम्ही कोणाला बोलावीत नव्हतो. तोही एक अहंकारच होता.