हात बसण्याआधी

माझी भाची गेल्या महिन्यात एका बँकेत क्लार्क म्हणून रुजू झाली. पहिल्या सुट्टीला घरी आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. जेवताना माझे आतेभाऊ तिला म्हणाले, "येत नसलं ना, तरी येतंय असं दाखवायचं. आधी कॉन्फिडन्स, मग काम आपोआप जमतं." ते व्यक्तिमत्त्व विकासाची शिबिरं घेतात आणि अगदी मनापासून बोलत होते. तिने मान डोलावली. माझ्या मनातून मात्र ते वाक्य जाईना.

नव्या नोकरीत छातीत धडधडतं, नावं लक्षात राहत नाहीत, डबा कुणाबरोबर खायचा ते कळत नाही. हे सगळं प्रत्येकाने भोगलेलं आहे. मला बोलायचं आहे ते 'आत्मविश्वास' या शब्दाबद्दल. त्यात आपण दोन निराळ्या गोष्टी एकत्र कोंबतो. आपल्या रोजच्या बोलण्यात त्या वेगळ्या आहेत: कामावर हात बसतो आणि माणसांत भीड चेपते. एखाद्याचा हात महिन्यात बसतो, पण भीड वर्षभर चेपत नाही. दुसऱ्याची भीड पहिल्याच दिवशी चेपते आणि हात कधीच बसत नाही. अशी माणसं मी नोकरीत पुष्कळ पाहिली.

माझा कल नेहमी हाताकडे. १९८४ साली मी कॅशला बसले तेव्हा नोटा हाताने मोजायच्या होत्या. समोर ओला स्पंज, डाव्या हाताच्या बोटांत चळत अडकवलेली, उजव्या अंगठ्याने एकेक कडा उलटत जायची. शंभर नोटांचं पाकीट, दहा पाकिटांचं बंडल. पहिले काही आठवडे मी साठपर्यंत पोचले की कुणीतरी हाक मारायचं आणि आकडा हरवायचा. दोन-तीन महिन्यांनी असं झालं की चिकटवलेली नोट डोळ्यांच्या आधी बोटाला कळू लागली. त्या दिवसापासून खिडकीसमोर कितीही रांग लागली तरी मला भीती वाटली नाही. म्हणून आतेभावांना माझं उत्तर तयार होतं: आधी हात, मग धीर. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँडुरा यांनी १९७७ मध्ये हेच मांडलं होतं. आपल्याला जमेल या भावनेचा सर्वांत भक्कम आधार म्हणजे ते काम स्वतः करून जमल्याचा अनुभव.

पण हे लिहिता लिहिता मला लायबेरियातले शिंपी आठवले. जीन लेव्ह या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी तिथल्या शिकाऊ शिंप्यांचा अभ्यास केला होता. ती मुलं कपडा शिवण्याचा क्रम उलटा शिकतात. सुरुवात शेवटच्या कामांपासून, म्हणजे बटणं लावणं, कडा दुमडून शिवणं. मग शिलाई. कात्री हातात येते ती सर्वांत शेवटी. बटण चुकलं तर उसवून पुन्हा लावता येतं, कापड चुकीचं कापलं तर ते गेलंच. मला हा क्रम फार सुंदर वाटतो. मुलगा घाबरत घाबरत कडा शिवत असतो आणि पुरा तयार झालेला कपडा रोज त्याच्या मांडीवर असतो. कुठे पोचायचं आहे ते त्याला दिसत असतं. चुकायला जागा असलेली ही वाट त्याच्यासाठी त्याच्या आधीच्या माणसांनी पाडून ठेवलेली असते.

इथे माझं उत्तर डळमळलं. कॅशच्या खिडकीवर पहिल्याच दिवशी कात्री हातात मिळते. संध्याकाळी कॅश कमी पडली तर ती कॅशियरने खिशातून भरायची.

रुजू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात माझी कॅश शंभर रुपयांनी कमी आली. पाचशेची नोट तेव्हा नव्हती, शंभराचीच सर्वांत मोठी. पगाराच्या मानाने ती रक्कम लहान नव्हती. मी पर्स उघडली. तेवढ्यात हेड कॅशियर खुर्ची ओढून शेजारी बसले. मी बांधलेली पाकिटं त्यांनी समोर घेतली आणि एकेकाच्या पिना उपसायला लागले. तेव्हा पाकिटांना पिना मारत असत. रिझर्व्ह बँकेने ते २००१ मध्ये बंद करायला लावलं. पाऊण तास आम्ही दोघं मोजत होतो. एका पाकिटात एकशे एक नोटा निघाल्या. त्यांनी जास्तीची नोट बाजूला ठेवली, पाकिटाला नवी पिन मारली आणि म्हणाले, "चला, टॅली झाली." दुसऱ्या दिवशी मला दुसरं टेबल मिळेल असं धरून मी गेले. त्यांनी तीच खिडकी मला दिली.

माझा हात बसला तो त्यानंतर.

म्हणजे क्रमाच्या बाबतीत आतेभाऊच बरोबर आहेत. धीर आधी लागतो, काम नंतर जमतं. खिडकीपलीकडच्या म्हाताऱ्या माणसाला घाबरलेला चेहरा पाहून आपल्या पैशाची काळजी वाटते, हेही खरं. पण तो धीर नवख्याने स्वतःतून उपसून काढायचा, हे मला मान्य नाही. तो आधी कुणीतरी द्यावा लागतो. विश्वास 'टाकतात' असं आपण म्हणतोच. आणि येत असल्याचं सोंग तर अपायकारकच आहे. ज्याने येतंय असं दाखवलं, त्याला विचारायचा रस्ता त्याच क्षणी बंद होतो. पाकीट कुणी उघडतच नाही.

बँकेची सगळी घडणच याची साक्ष देते. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन माणसांकडे असतात. तीस वर्षं नोकरी झालेल्या मॅनेजरलाही ती एकट्याने उघडता येत नाही. आजही मोठ्या रकमेची नोंद एकाने संगणकावर करायची आणि दुसऱ्याने तपासून मंजूर करायची. मुरलेल्या माणसांनासुद्धा एकट्याच्या भरवशावर सोडत नाहीत, आणि एकवीस वर्षांच्या मुलीला मात्र आपण सांगतो की भरवसा तुझा तूच पैदा कर.

काल रात्री तिला फोन केला. काम जमतंय का, हे विचारलं नाही. विचारलं, "अडलं तर कुणाला विचारतेस?"

ती जरा थांबली. "साहेबांना नाही विचारवत गं, मावशी. पण दफ्तरीकाका आहेत. परवा एक नोट खरी की खोटी कळेना, तर त्यांनी ती हातात घेतली आणि तिरकी करून दाखवली. पाचशेच्या नोटेतला धागा हिरव्याचा निळा होतो, माहितीये तुला?"

माहीत होतं. तरी मी तिला ते सगळं सांगू दिलं.