डोह गढूळ करू नका

(शास्त्रपाठ : अनुवाद 22:6, 7, यहेज्केल 34:17-22, योहान 21:1-14)



सटाण्याहून पश्चिमेस निघाले की बागलाणचे डोंगर उंच होत जातात. त्यांतील साल्हेर 1567 मीटर उंच आहे; महाराष्ट्रात त्याहून उंच शिखर कळसूबाईचे, 1646 मीटर, तेवढे एकच. या डोंगरांकडून येणाऱ्या आरम व मोसम या नद्या गिरणेस मिळतात, आणि गिरणा तापीस. पावसाळ्यात डोंगरातल्या ज्या ओहोळाचे भय वाटते, तोच चैत्र-वैशाखात आटून जागोजागी डोह तेवढे मागे राहतात. उरलेले मासे त्यांतच आश्रय घेतात. जाळे खांद्यावर टाकून, धोंड्यांतून वाट काढीत मनुष्य अशा डोहापाशी पोहोचतो, तेव्हा त्यास पाहावयास तेथे कोणी नसते. त्याच्या विश्वासाची परीक्षा तेथेच होते.

गळाने वा जाळ्याने मासे धरणाऱ्यास श्रम पडतात, पण डोहात बीज शिल्लक राहते. पाण्यात विष कालविणारा किंवा सुरुंगाची दारू उडविणारा घटकाभरात लहानमोठे सर्व मारितो. आणि विषाचे ते पाणी पुढे गुरे व माणसे पितात. 1897 च्या मत्स्य कायद्याने या दोन्ही कृत्यांस मनाई केली. परंतु त्याच्या कितीतरी शतके आधी परमेश्वराने मोशेच्या द्वारे घरट्याविषयी नियम दिला : पिले घ्यावयाची तर घ्यावी, पण आईस सोडून द्यावे. भुकेल्यास खाण्याची मना नाही. उद्याचे बीज मारण्याची मुभा मात्र नाही. या लहानशा आज्ञेस दीर्घायुष्याचे वचन जोडले आहे, जसे आईबापांचा मान राखण्याच्या आज्ञेस जोडले आहे.

कोणी म्हणेल, “पाळकसाहेब, आम्ही गरीब. आज मिळते ते उद्यावर कसे टाकावे?” बंधो, तुझ्या खालच्या वाडीत तुझ्याहून गरीब राहतो. यहेज्केलाच्या ग्रंथात परमेश्वर लांडग्यास नव्हे, तर कळपातील पुष्ट मेंढरांस जाब विचारितो. ती स्वच्छ पाणी पिऊन राहिलेले पायांनी गढूळ करीत, आणि दुबळ्यांस तेच प्यावे लागे.

तिबिर्याच्या समुद्रावर शिष्यांनी रात्रभर श्रम केले, तरी जाळे रिकामेच राहिले. पहाटे प्रभूच्या शब्दावरून त्यांस 153 मोठे मासे मिळाले. ते किनाऱ्यास येतात तो प्रभूने निखारे, मासळी व भाकर आधीच सिद्ध ठेविली होती. आपल्या भुकेची काळजी वाहणारा असा प्रभु आहे, असे जो मानतो, तो एखादे दिवशी रिकाम्या जाळ्यानेही घरी परततो. विष कालविणाऱ्याचा हात मात्र अविश्वासाने चालतो.

म्हणून उपदेशक बंधूंनो, पहिल्या पावसापूर्वी मंडळीस हे समजावून सांगा. आषाढात अंडी घालण्यास वर येणारे चढणीचे मासे जाऊ द्यावे. मुलांस डोंगरात न्यावे, नदीचा उगम दाखवावा. शिदोरीचे कागद व बाटल्या परत आणण्याची सवय लावावी. शेजारी ऐकत नसल्यास भांडू नये. प्रथम आपल्या घरचे जाळे शुद्ध असावे, म्हणजे बोलण्यास वजन येईल.

वरच्या डोहापाशी उभे असता खालच्या पाणवठ्यावरील भावाची आठवण राहावी, अशी बुद्धि प्रभु आपणां सर्वांस देवो. आमेन.