दुसऱ्याच्या वाट्याची क्षमा

तालुक्याच्या गावातल्या एका ‘ब’ वर्ग सार्वजनिक वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. लोकांच्या वागण्यातलं काय काय खटकतं याची माझी यादी मोठी आहे. वर्तमानपत्रातलं शब्दकोडं बॉलपेननं सोडवून ठेवणारे. त्यांच्याही पुढचे म्हणजे कोड्यापुरता कागद फाडून खिशात घालणारे; मागच्या बाजूची बातमीही त्या तुकड्याबरोबर जाते. रहस्यकथेच्या पहिल्याच पानावर खुनी कोण ते लिहून ठेवणारे. बाकावर रुमाल टाकून जागा धरायची आणि चहाला जाऊन तासाभरानं उगवायचं, असं करणारे. आणि अलीकडे या सगळ्यांवर ताण म्हणजे वाचनकक्षात बसून मोबाइलचा आवाज मोठा ठेवून व्हिडिओ पाहणारे.

आमच्याकडे रोज सकाळी एक गुरुजी येतात. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, गळ्यात तुळशीची माळ, आषाढीची वारी न चुकवणारे. मी कोणाला काही बोलले की ते वर्तमानपत्रावरून मान वर करतात आणि म्हणतात, “ताई, एवढ्यातेवढ्यावरून कशाला जीव जाळता? सोडून द्यावं. नाथमहाराज आठवावेत.”

पैठणच्या एकनाथांची ती गोष्ट महाराष्ट्रात सगळ्यांना ठाऊक आहे. नाथ गोदावरीचं स्नान करून येतात, वाटेत एक माणूस त्यांच्या अंगावर थुंकतो, नाथ पुन्हा स्नानाला जातात. तो पुन्हा थुंकतो. असं कितीतरी वेळा होतं, शेवटी थुंकणारा थकतो आणि पाय धरतो. नाथ म्हणतात, तुझ्यामुळे मला आज इतक्या वेळा गंगास्नान घडलं. गुरुजी ही गोष्ट सांगतात तेव्हा त्यांचा आवाज भरून येतो, आणि मलाही ती तितकीच प्रिय आहे. पण तिच्यातून ते जो निष्कर्ष काढतात तो मला पटत नाही. बारीकसारीक वागण्याचा राग येणं म्हणजे मन लहान असणं, परमार्थात त्याला जागा नाही, असं ते मानतात. मी त्यावर खूप विचार केला आहे, आणि तो इथे मांडावासा वाटतो.

पहिली गोष्ट, हे वागणं बारीकसारीक आहे असं आपल्या संतांनी मानलेलं नाही. दासबोध उघडून पाहावा. पहिल्या दशकात समर्थ गणेशाचं, शारदेचं, सद्गुरूंचं, संतांचं स्तवन करतात, श्रोत्यांचं आणि सभेचंही करतात, आणि शेवटी नरदेहाचं. इतक्या उंचीवर नेल्यावर पुढचा समास ब्रह्मावर असेल असं वाटतं. तो आहे मूर्खलक्षणांचा. दोघं बोलत असताना तिसराच तिथे जाऊन बसतो आणि दोन्ही हातांनी डोकं खाजवतो, तो मूर्ख. पाण्यात चूळ टाकतो, तो मूर्ख. वाचताना अक्षरं गाळतो किंवा पदरची घालतो, पुस्तकाची निगा राखत नाही, तो मूर्ख. स्वतः कधी वाचत नाही, दुसऱ्याला वाचू देत नाही, पोथी बांधून ठेवतो, तोही मूर्ख. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा वाटलं, हा माणूस आमच्या वाचनालयात येऊन बसलेला दिसतो. दोनशे समासांच्या ग्रंथात अध्यात्माच्या दाराशीच समर्थांनी हे ठेवलं, ते उगाच नाही. नरदेह इतका दुर्लभ आहे असं सांगून झाल्यावर तो देह घेऊन चारचौघांत कसं बसायचं हेच आधी सांगायला हवं होतं.

ज्ञानेश्वरांनी तर ते याहून खोल नेलं आहे. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेची लक्षणं सांगताना ते तलवारीबद्दल थोडं आणि पावलाबद्दल फार बोलतात. अहिंसक माणूस पाऊल टाकतो ते पाण्यातल्या बगळ्यासारखं जपून, लाट मोडू नये असं. कमळातले केसर चुरगळतील या शंकेनं भुंगा जसा हळुवार पाय ठेवतो तसं. बोलावं लागलं तर आपल्या शब्दानं कोणाचं मन दुखावेल का ही धास्ती त्याला आधी वाटते. नुसती नजरही समोरच्याच्या आतल्या परमेश्वराला रुतेल म्हणून तो एरवी कोणाकडे पाहत नाही. चालणं, बोलणं, पाहणं, हात हलवणं: एकमेकांच्या ज्या गोष्टी आपल्याला दिवसभर खटकतात त्यांचीच ही यादी आहे, आणि ती अहिंसेच्या सदरात आहे. दुसरा माणूस शेजारी आहे याचं भान पावलात उतरलं की ती अहिंसा. ते भान नाही, तिथे हिंसा सुरू झालेली असते, मग ती कितीही किरकोळ दिसो.

आता क्षमेबद्दल. आमच्या वाचनकक्षाच्या कोपऱ्यात एक मुलगी बसते. सकाळच्या पहिल्या एसटीनं येते, संध्याकाळच्या गाडीनं परत जाते, एमपीएससीचा अभ्यास करते. घर दोन खोल्यांचं, माणसं सात, टीव्ही कायम चालू. शांतता तिला मिळते ती फक्त आमच्याकडे. समोरचा पोरगा मोबाइलवर विनोदी व्हिडिओ लावतो तेव्हा माझं काहीच जात नाही. मी टेबलाशी बसून रजिस्टर भरत असते, गोंगाटात काम करायची मला सवय आहे. जातं ते तिचं. ती वर पाहते, पुन्हा खाली पाहते, कानात बोटं घालते. ती बोलणार नाही, हे त्या पोरालाही माहीत असतं. अशा वेळी मी मन मोठं करून त्याला क्षमा केली, तर ती क्षमा कोणाच्या खर्चानं झाली? माझ्या खात्यातून मी हवं तेवढं माफ करावं. तिच्या खात्यातून माफ करायचा अधिकार मला कोणी दिला?

गुरुजींना मी हेच विचारलं. आणि नाथांचीच दुसरी गोष्ट त्यांच्यापुढे ठेवली. भर दुपारी गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात अस्पृश्य मानलेल्या घरातलं एक मूल चुकून एकटं पडलं होतं, रडत होतं, पाय पोळत होते. नाथांनी ते उचललं, कडेवर घेतलं, त्याच्या घरी पोचवलं. पैठणची ब्राह्मणमंडळी खवळली. थुंकणाऱ्यापुढे शांत राहिलेले नाथ इथे गप्प बसले नाहीत, मूल रडतंय तर रडू दे, देवाची इच्छा, असं म्हणाले नाहीत. थुंकी स्वतःच्या अंगावर होती, ती त्यांनी सोसली. चटके दुसऱ्याच्या पायाला बसत होते, तिथे ते धावले. या दोन गोष्टी एकाच माणसाच्या आहेत आणि त्या वेगळ्या करून सांगू नयेत असं माझं म्हणणं आहे. आपण कीर्तनात पहिली ऐकतो आणि तिचा आधार घेऊन दुसरीतून सुटका करून घेतो.

गीतेचंही असंच होतं. दुसऱ्या अध्यायात भगवंत सांगतात की थंडी-ऊन, सुख-दुःख येतं आणि जातं, ते सहन कर. हे वाक्य सोसण्याच्या बाजूनं नेहमी पुढे केलं जातं. पण ते कोणाला सांगितलं? धनुष्य टाकून बसलेल्याला, ऊठ म्हणताना. सोसायला शिकायचं ते पुढचं काम करता यावं म्हणून.

नुसतं मलाच खटकतं आणि ज्यानं कोणाचं काही बिघडत नाही, असंही पुष्कळ असतं. बोटाला थुंकी लावून पान उलटण्याचा आवाज, रोज तोच प्रश्न विचारणारे आजोबा, पुस्तक परत करताना त्याची अख्खी कथा ऐकवणारे. तिथे गुरुजींचं खरं आहे. ते मी सोसते, आणि सोसलं म्हणून काही विशेष केलं असं समजत नाही.

मला भीती वाटते ती खटकण्याच्या तिसऱ्या प्रकारची. समर्थांच्या त्याच यादीत, बायकोच्या कलानं वागणारा, मनातली गोष्ट तिला सांगणारा पुरुषही मूर्ख ठरवला आहे. समर्थांबद्दल पूर्ण आदर ठेवून मी म्हणते की हे लक्षण मला मान्य नाही. पण त्यातून एक कळतं. खटकणाऱ्या गोष्टींच्या याद्या माणसं आपापल्या काळाच्या आतून करतात, आणि काळाचा आंधळेपणा त्यांत शिरतो. मध्यंतरी वीटभट्टीवरची दोन मुलं काम संपल्यावर आमच्याकडे वर्तमानपत्र वाचायला यायला लागली. अंगावर धूळ, घामाचा वास. दोन जुन्या वर्गणीदारांनी तक्रार केली: या पोरांना वेगळं बसवा, आम्हाला त्रास होतो. त्यांना त्रास खरोखर होत होता, ते खोटं बोलत नव्हते. पण मुलांनी कोणाचं काय घेतलं होतं? कक्ष मुक्तद्वार आहे. तिथे यायला वर्गणी लागत नाही, जात लागत नाही, इस्त्रीचे कपडेही लागत नाहीत. १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचं पाणी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे हजारो लोक प्याले, तेव्हा सवर्णांना जो संताप आला तोही त्यांच्या दृष्टीनं अस्सलच होता. तळं सर्वांना खुलं असल्याचा नगरपालिकेचा ठराव आधीच झालेला होता, तरी पंचगव्य ओतून तळं ‘शुद्ध’ करण्यात आलं. संताप खरा असला म्हणून तो धर्माचा होत नाही. समोरच्यानं कोणाच्या वाट्याचं काही हिरावलं म्हणून मला राग आला, की तो नुसता तिथे आहे म्हणून आला? समोरच्याच्या नुसत्या असण्याचा राग मनात उठला की तो तिथेच मोडायला हवा. मुलं त्याच बाकावर बसतात. वर्गणीदारांना मी तसं सांगितलं, आणि ते अजूनही सभासद आहेत.

बोलायचं कसं, याबद्दल गीतेचा सतरावा अध्याय मला उपयोगी पडतो. समोरच्याला उद्वेग न देणारं, खरं, प्रिय आणि हिताचं बोलणं, याला तिथे वाणीचं तप म्हटलं आहे. हे चारही एका वाक्यात आणणं किती अवघड आहे ते रोज टेबलाशी बसणाऱ्याला कळतं. पाटीवर मी फार विश्वास ठेवत नाही. ‘शांतता राखा’ हे भिंतीवर कित्येक वर्षांपासून लिहिलेलं आहे.

गुरुजी माझं ऐकून घेतात, पण सगळं मान्य करत नाहीत. परवा ते म्हणाले, “ताई, त्या मुलीचं तुम्हाला दिसतं. तो मोबाइलवाला पोरगा कुठून येतो ते पाहिलंत का? त्याच्याही घरी माणसं सात आणि टीव्ही चालूच. आवाज नसलेली जागा म्हणजे काय, हे त्याला कधी कोणी दाखवलंच नसेल तर?”

हा प्रश्न मला गप्प बसायला सांगत नाही, पण तो टाळण्यासारखाही नाही. तो पोरगाही कोणाच्या तरी बेपर्वाईत वाढला असेल, तर त्याला सांगणं हे माझ्यावरचं त्याचंही देणं आहे, आणि ते चारचौघांत त्याला मान खाली घालायला लावून फेडता येत नाही. म्हणून आता मी टेबलावरून आवाज देत नाही. त्याला बाहेर व्हरांड्यात बोलावते, जिथे पाण्याचा माठ आहे. त्याचं नाव विचारते, काय वाचायला आवडतं ते विचारते, मग आतल्या मुलीची परीक्षा जवळ आली आहे हे सांगते. बहुतेक पोरं मोबाइल खिशात घालतात. काही घालत नाहीत. त्यांना पुन्हा बाहेर बोलावते, आणि त्यानंतरही ऐकलं नाही तर त्या दिवसापुरतं आत येऊ देत नाही. गुरुजींना हे शेवटचं कठोर वाटतं. मला वाटत नाही.