वर ढकललेल्यांचा समारंभ

जूनच्या पहिल्या आठवड्यात ताईच्या मुलीच्या आठवीच्या ‘प्रमोशन’ला गेलो होतो. कॅलिफोर्नियात बहुतेक ठिकाणी मिडल स्कूल आठवीला संपतं. ‘ग्रॅज्युएशन’ हा शब्द सहसा बारावीसाठी राखून ठेवलेला. शाळेच्या मैदानावर दीड तास उन्हात बसलो. नाव पुकारायचं, हस्तांदोलन, एक कागद, पुढचा. भाचीच्या नावातल्या ‘ज्ञ’चं ‘डनिया’ झालं आणि ती मंचावरून उतरलीसुद्धा.

गाडीत भावजी म्हणाले, “यासाठी सुट्टी टाकली? सगळ्यांना एकच कागद!” ताई म्हणाली, “निदान पहिल्या पाचांची नावं तरी घ्यायची.” मागे भाची तो कागद दुमडत होती. काही बोलली नाही.

ती शांतता माझ्या ओळखीची होती. १ मे २०११, झेंडावंदन झालं आणि आठवीचा निकाल हातात पडला. शिक्षणहक्क कायदा आदल्या वर्षीच्या एप्रिलपासून लागू झाला होता. आठवीपर्यंत कुणालाही त्याच वर्गात ठेवता येत नव्हतं. माझ्या गणितापुढे ‘ड’ होता. बाबा म्हणाले, “पास नाही झालास, वर ढकललाय तुला.” पुढे इंजिनीअर झालो, नोकरीला लागलो, तरी ते वाक्य गेलं नाही.

बाबांची शंका अगदीच चुकीची नव्हती. पुढे २०१९मध्ये त्याच कायद्यात दुरुस्ती होऊन पाचवी-आठवीत परीक्षा घ्यायची आणि फेरपरीक्षेनंतरही नापास झालेल्याला मागे ठेवायची मुभा राज्यांना मिळाली. सरसकट कौतुकाची किंमत उतरते, हेही खरंच. आमच्या ऑफिसात दर शुक्रवारी सगळ्या टीमला ‘ग्रेट जॉब’ची मेल येते. मी ती उघडतही नाही.

पण बारशाला गेल्यावर पाळण्यातलं बाळ कितवं आलं, असं आपण विचारत नाही. काही समारंभ मोजण्यासाठी असतात, काही फक्त सांगण्यासाठी: इथवर आलीस, आता पुढे जा. पहिल्याला दुसऱ्याची गोष्ट मागितली की आपण तिसऱ्याच माणसाला दुखावतो. ही भाची तीन वर्षांपूर्वी नाशिकहून आली तेव्हा कित्येक महिने डबा एकटी खात होती. तिथून त्या मंचापर्यंतचं अंतर कुठल्या यादीत बसलं असतं? पहिल्या पाचांत ती नसती, तर त्या यादीने आमचं समाधान झालं असतं का?

म्हणजे तक्रार करूच नये असं नाही. माझी तक्रार वेगळी आहे. बारशाला आत्या कानात नाव सांगते, ते चुकून चालत नाही. सगळ्यांना सारखं द्यायचं असेल, तर निदान प्रत्येकाला त्याचं स्वतःचं नाव तरी नीट द्यावं. शाळेकडे मागायचं तर ते मागावं, क्रमांक नव्हे.

रात्री ताईने काढलेला व्हिडिओ पुन्हा पाहिला. ‘डनिया’च्या मागून चार-पाच मुलींचा आरडाओरडा ऐकू येतो. मैदानावर आम्ही तो नुसता गोंगाट म्हणून सोडून दिला होता. त्या तिचं नाव घेत होत्या, अगदी स्वच्छ ‘ज्ञ’सकट. तो त्यांच्या जिभेवर बसवायला तिला किती दिवस लागले असतील, हे आमच्यापैकी कुणी विचारलं नव्हतं.

मी व्हिडिओ भावजींना दाखवला. त्यांनी तो दोनदा ऐकला आणि दुमडलेला कागद कुठे आहे, ते विचारलं.