समोरचा भिडू

कोजागिरीला परभणीत आमच्या गच्चीवर मेंढीकोट रंगतो. सोयाबीनची रास घरी आलेली असते, नाहीतर पावसाने भिजलेली असते. दोन्ही वेळी दूध तेवढेच आटते. पत्त्यांचा कॅट भारनियमनाच्या काळातला. त्यातल्या चौकट सत्तीचा कोपरा दुमडलेला आहे. ती कुणाच्या हातात आहे हे चौघांनाही दिसते, आणि चौघेही दिसले नाही असे दाखवतात.

पैसे लावत नाही. हरलेल्या जोडीने दुधाचे पातेले घासायचे, एवढेच. खरे तर या रात्री पैसे लावायलाही हरकत नसावी, कारण व्रतकथेतली लक्ष्मी फासे खेळत जागणाऱ्यालाच धन देते. बाकी वर्षभर ज्या खेळाला घरात शिव्या, त्याला एक रात्र धर्माचीच परवानगी!

जुगार कोणता आणि खेळ कोणता, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. खटला सिकंदराबादच्या एका क्लबचा. कायदा हैदराबादचा, म्हणजे परभणी पूर्वी ज्या राज्यात होती तिथलाच. 1967 साली न्यायालयाने सांगितले की रमी तीन पत्तीसारखी निव्वळ नशिबाची नाही. पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात, कोणते धरायचे आणि कोणते टाकायचे याला कौशल्य लागते. मला यातले पहिले कारण फार आवडते. पडलेले पान लक्षात ठेवायचे म्हणजे ते टाकणाऱ्या माणसाकडे लक्ष ठेवायचे.

मेंढीकोटात तर भिडू समोर बसतो आणि त्याच्याशी बोलायची बंदी असते. त्याने किलवरची दुर्री उतरवली, की समजायचे: किलवर संपत आला, पुढच्या फेरीला तो हुकमाने मारणार. आपली दश्शी तेव्हाच सोडायची. हे पुस्तकात वाचून जमत नाही. वीस वर्षे एकाच माणसासमोर बसावे लागते. (आमच्यातला एकजण ऐन वेळी खोकतो. ते कौशल्यात मोडत नाही.)

मोबाइलवरच्या पैशांच्या रमीत पाने तीच आणि नियमही तेच, फक्त समोर कुणी नसायचे. तिथे हरलेला माणूस रात्री दोन वाजता एकटाच हरायचा. ‘आता पुरे, झोप’ म्हणून पत्ते हिसकावून घेणारे कुणी नसायचे. 2025 च्या ऑगस्टमध्ये केंद्राने कायदा करून पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे. उशीर झाला, पण योग्य झाले. त्याच्या आदल्या महिन्यात राज्याच्या तेव्हाच्या कृषिमंत्र्यांच्या, विधिमंडळात मोबाइलवर दिसलेल्या रमीचा व्हिडिओ गाजत होता. आपण खेळत नव्हतो, जाहिरात बंद करत होतो, असे त्यांनी सांगितले. जुलैअखेरीस त्यांच्याकडे क्रीडा खाते आले. गच्चीवर यावर जे विनोद झाले ते छापण्याजोगे नाहीत.

खेळापेक्षा आमच्यात नंतरची चिरफाड लांबते. कोणते पान का टाकले, याचा जाब जिना उतरतानाही चालू असतो, आणि तो पुढच्या कोजागिरीला तिथूनच सुरू होतो.

गेल्या खेपेला पातेले आम्ही घासले. तळ चांगलाच लागला होता. किलवरची दश्शी मी एक हात आधी सोडली, असे भिडूचे अजून म्हणणे आहे.