सिद्धान्ताचे स्वातंत्र्य आणि त्याचे दायित्व

‘स्वातंत्र्य’ ही संज्ञा आपल्या समीक्षाव्यवहारात जवळजवळ निरपवादपणे गौरवार्थी योजली जाते. अर्थनिर्णयनाला जितका अधिक वाव तितके वाचन समृद्ध, हे आपण गृहीतच धरतो. या गृहीतकाची तपासणी करण्यासाठी एका दूरच्या ज्ञानक्षेत्राकडे पाहणे उद्बोधक ठरावे. भौतिकीत ‘स्वातंत्र्यमात्रा’ मोजता येतात : व्यवस्थेची अवस्था सांगण्यास परस्परनिरपेक्ष अशा किती राशी लागतात, त्यांची ती संख्या होय.

आइनस्टाइनच्या १९१५ च्या व्यापक सापेक्षता सिद्धान्तात दिक्कालाची भूमिती दहा घटकांनी वर्णिली जाते. तथापि तरंगरूपाने प्रवास करणाऱ्या स्वतंत्र मात्रा दोनच. उरलेले आठ घटक निर्देशकांच्या निवडीत आणि समीकरणांच्या बंधनांत विरून जातात. ते स्वातंत्र्याचा केवळ आभास होत.

हा सिद्धान्त बदलू पाहणाऱ्यास बहुधा नव्या मात्रा पत्कराव्या लागतात. गुरुत्वाकर्षणाच्या वाहक कणाला अत्यल्प वस्तुमान दिले, तर दोनाच्या पाच होतात, हे फिर्झ आणि पाउली यांनी १९३९ मध्ये दाखविले. हे वस्तुमान शून्याकडे नेले म्हणजे जुना सिद्धान्त परत मिळेल, अशी अपेक्षा स्वाभाविक होती. १९७० मध्ये व्हॅन डॅम आणि व्हेल्टमन यांनी, तसेच स्वतंत्रपणे झाखारोव्ह यांनी, ती फोल ठरविली. न्यूटनचे आकर्षण जुळवून घेतल्यास सूर्याजवळील प्रकाशाचे वलन पाऊणच भरते. १९७२ मध्ये बूलवेअर आणि डेझर यांना अरेखीय रूपात सहावी मात्रा आढळली. तिची गतिज ऊर्जा ऋण असल्याने सारी व्यवस्थाच अस्थिर होते. भौतिकीच्या परिभाषेत तिला ‘भूत’ म्हणतात. ते हटविणारी रचना २०१०–११ मध्ये सिद्ध झाली. एकदा दिलेले स्वातंत्र्य मागे घेणे इतके दुष्कर असते.

याच १९७२ साली वाइनश्टाइन यांनी वलनाच्या पेचातून मार्ग सुचविला : सूर्यासारख्या वस्तूच्या परिसरात नवी मात्रा स्वतःच्याच अरेखीय आंतरक्रियांमुळे दबून जाते. येथे खरा नैतिक प्रश्न उपस्थित होतो. जेथे परीक्षा कठोर, नेमके तेथेच लपणारे स्वातंत्र्य ही पळवाट नव्हे काय?

उत्तर लपण्यात नसून मागे राहणाऱ्या खुणेत आहे. अशाच यंत्रणेवर आधारलेल्या एका सिद्धान्ताबाबत २००३ मध्ये असे गणित मांडले गेले, की चंद्रकक्षेचा भूसमीप बिंदू अत्यल्प प्रमाणात का होईना, सरकला पाहिजे. चंद्रावरील परावर्तकांवर लेसर टाकून हा दावा पडताळता येतो. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनातील गुरुत्वीय तरंग आणि गॅमा किरण सुमारे तेरा कोटी प्रकाशवर्षांच्या प्रवासानंतर केवळ १.७ सेकंदांच्या अंतराने पोहोचले. या दोहोंच्या वेगांत फरक सांगणारे अनेक पर्यायी सिद्धान्त त्यासरशी बाद झाले. बाद होण्याची ही तयारी हेच त्यांचे प्रामाण्य होते.

आपणही विरोधी पुरावा समोर आला की तो ‘दडपलेला अर्थ’ म्हणून पचवितो. असा अर्थ असू शकतो. परंतु तो खरा असेल तर संहितेत अन्यत्र त्याची खूण कोठे उमटावी, हे सांगण्याचे दायित्व वाचकावर येते. संहितेवर लेसर टाकता येत नाही, हे मान्यच. मात्र शब्द, त्यांचा क्रम आणि पाठभेद यांना ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार असतो. तो अधिकार नाकारणारे वाचन स्वतंत्र नव्हे, केवळ निर्बंध असते.