आयतखाऊ

ऐन फराळाच्या ताटावर जंताचा विषय काढतो आहे, वाचकांनी क्षमा करावी. पण पोटातल्या पाहुण्याविषयी बोलायचे तर पोट भरलेले असतानाच बोललेले बरे.

परोपजीवी प्राण्यांचा धडा शिकवताना मी बरीच वर्षे त्याला एक तात्पर्य जोडत आलो. पट्टकृमीला तोंड नाही, आतडे नाही. यजमानाने पचवलेले अन्न तो कातडीतूनच शोषून घेतो. तेव्हा मुलांनो, आयते खाणाऱ्याचे अवयव झडतात! हे तात्पर्य माझ्या पदरचे नव्हे. रे लँकेस्टर या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने १८८० साली अशा जीवांच्या अधोगतीवर पुस्तक लिहिले आणि अवचित घबाड मिळून बिघडलेल्या माणसाचा दाखला त्यात दिला.

हा धडा मी स्वतः बाराव्या वर्षी शिकलो आणि लगेच घरी वापरला. वडिलांचे चुलतभाऊ, आम्ही त्यांना नाना म्हणत असू, १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईहून आमच्याकडे आले ते कायमचेच. साच्यावर उमेदीची वर्षे घालवलेला माणूस. आमच्या गावात त्या हातांना काम कुठले असणार? दिवाळीच्या पंगतीत मी सर्वांसमोर म्हणालो, "नाना म्हणजे आपल्या घरातले परोपजीवी." वडिलांनी मला ताटावरून उठवले. नाना एवढेच म्हणाले, "बसू दे रे त्याला. शब्द चांगला शिकलाय पोरगा." आणि मग वाढलेला भात त्यांनी मान खाली घालून संपवला.

अलीकडे कृमींच्या विकरांविषयी थोडे वाचनात आले आणि ते तात्पर्य मला टोचू लागले. विकरे म्हणजे पेशीतली कामकरी प्रथिने. अन्न फोडणे, चरबी घडवणे, शक्ती मिळवणे, सारे त्यांच्या हातून होते. २०१३ मध्ये पट्टकृमीच्या चार जातींचे जनुकसंच वाचले गेले, तेव्हा चरबीची आम्ले नव्याने बनवण्याची विकरे त्यांच्यात उरलेलीच नाहीत असे दिसले. लँकेस्टरसाहेब इथवर खरे. पण आपले काय? शेळी आपले क जीवनसत्त्व आपणच बनवते. आपल्या शरीरात त्यासाठी लागणाऱ्या विकराचे जनुक आहे, पण मोडके. कुठल्या तरी पूर्वजाला झाडावर आयती फळे मिळत असावीत, म्हणून ते मोडले तरी कोणाचे अडले नाही. तेव्हापासून आपण आवळ्या-लिंबाचे आश्रित. याला कोणी अधोगती म्हणत नाही.

आता आपला नेहमीचा जंत घ्या. मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते. ती विष्ठेबरोबर मातीत जातात, तिथे हवेवर वाढतात, माखल्या हातांनी पोटात येतात. आतड्यात अळी बाहेर पडते. पण ती तिथे थांबत नाही. रक्तातून यकृत, तिथून फुप्फुस, मग खोकल्याबरोबर घशात आणि गिळली गेली की पुन्हा आतड्यात, असा फेरा करून मगच ती मुक्काम टाकते. फुप्फुसात प्राणवायू भरपूर, आतड्यात फारच तुटपुंजा. तेव्हा हा प्राणी काय करतो? सक्सिनेटापासून फ्युमरेट बनवणारी विकरांची जी जोडणी आपल्या पेशीत एका दिशेने चालते, तीच तो काही भाग बदलून उलटी चालवतो. प्राणवायूच्या जागी फ्युमरेट, आणि त्याच्यापर्यंत भार वाहून नेणारा हमालही वेगळा, रोडोक्विनोन नावाचा. हा हमाल बनवण्यासाठी कृमी एकाच जनुकाचे तुकडे दोन तऱ्हांनी जोडून विकराची दोन रूपे घडवतात, हे २०२० मध्ये उलगडले. शिवाय भोवतालच्या पाचकरसांत स्वतःच पचून जाऊ नये म्हणून त्या रसातल्या विकरांना अडवणारी प्रथिने तो तयार ठेवतो. आयतखाऊपणात इतके कष्ट असतात!

गंमत अशी की मातीत स्वतंत्र राहणारा, कोणाच्याही पोटात न शिरणारा एक चिमुकला कृमीही हाच रोडोक्विनोन बनवतो. म्हणजे ही विद्या आश्रितपणात शिकलेली नसावी. चिखलात हवेवाचून दिवस काढणाऱ्या पूर्वजांची ती शिदोरी असावी.

मग जंत थोर, असे मला म्हणायचे आहे काय? मुळीच नाही. तो मुलाच्या तोंडचा घास पळवतो. त्याने मूल खुरटते. २०१५ पासून आपल्याकडे राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो. त्या दिवशी मी वर्गात उभा राहून एकेकाला गोळी चावून खायला लावतो आणि त्यात मला कसलीच दिक्कत वाटत नाही. पण ती गोळी देण्यासाठी जंताला आळशी ठरवावे लागत नाही. तसेच जंत कष्टाळू निघाला म्हणून नाना सुटले, असेही नाही. त्यांना जंताच्या साक्षीची गरज कधीच नव्हती. पुस्तकातला शब्द माणसाच्या ताटावर फेकला तो मी. त्यात लँकेस्टरसाहेबांचाही काही दोष नाही. नाना गेले तेव्हा मी परगावी होतो. माफी मागायची राहून गेली.

पहिल्याच वर्षी नानांनी सुंभ आणून आमची मोडकी बाज नव्याने विणली होती, तीन दिवस खपून, कोणी न सांगता. ती अजून माझ्या पडवीत आहे. परवा दिवाळीच्या झाडलोटीत पाहिले तर मधोमध झोळ पडला आहे. मी दोऱ्या ओढून पाहिल्या. कुठली आधी ताणायची, ते काही मला उमगले नाही.